मालकाचा रकाना

बाबांना दिसत नाही, पण ग्वाल्हेरच्या माधवगंजातल्या आमच्या घरापासून टोपी बाजारापर्यंत ते एकटे जातात. कुणाचा हात नाही, काठी नाही. वळणं, पायऱ्या, नालीवरची हलणारी फरशी, सगळं पायांना पाठ. काठीचं नाव काढलं की भडकतात, "मी काय आंधळा आहे?" आता यावर माणसानं काय बोलावं!

म्हणून साहेब जेव्हा म्हणाले, "शुक्रवारपर्यंत पोर्टल पूर्ण करा, नाहीतर पुढच्या महिन्यापासून घरून काम बंद, पुण्याच्या ऑफिसात या," तेव्हा मला आधी बाबाच आठवले. पुण्यात बाबा म्हणजे चौथ्या मजल्यावर कोंडलेला माणूस. आणि नोकरी सोडावी तर घर माझ्याच पगारावर चालतं.

काम ऐकायला सोपं. कंपनीनं क्लाउडवर घेतलेले सगळे सर्व्हर आणि डेटाबेस आमच्या डेव्हलपरांच्या पोर्टलमध्ये एका पानावर दिसले पाहिजेत: काय आहे, कुठे चालतंय, कुणाचं आहे. माहिती मी आणलीसुद्धा. पण तो मेला मालकाचा रकाना! सर्व्हर सुरू करताना त्याला आपल्या नावाचा टॅग लावायचा असतो. पोर्टल तोच उचलतं. निम्म्या लोकांनी तो लावलाच नव्हता.

एकेकाला फोन केले. "बघतो हं." "माझ्या आधीच्या माणसाचं असेल." "तुम्हीच टाका ना काहीतरी." बुधवारी संध्याकाळपर्यंत एकोणीस सर्व्हर बेवारस उरले, सगळे चाचणीचे. मी न्हाणीघरात नळ सोडून रडले. मला वाटलं, बाबांना ऐकू जाणार नाही.

साहेबांचा आणि माझे सगळे फोन त्यांच्या कानावर पडलेच होते. दुसऱ्या दिवशी चहा पिताना ते म्हणाले, "गणपतीच्या महाप्रसादाची पातेली आठवतात?"

आठवत होती. घरोघरून पातेली यायची आणि नाव न घातलेली शेवटी उरायची. कुणाचं म्हणून विचारलं, तर घासावं लागेल या भीतीनं कुणी बोलायचं नाही. बाबा तेव्हा मंडळाचं काम बघायचे. ते जाहीर करायचे, "उद्या दुपारी बाराला सगळी मोडीत देणार." अकरालाच रांग लागायची.

"तू विचारत बसू नकोस, बेटा," ते म्हणाले. "बंद करून टाक."

मी सगळ्यांना कळवलं, बेवारस सर्व्हर शुक्रवारी दुपारी बाराला बंद होतील. कुणी हूं की चूं केलं नाही. बाराला देवाचं नाव घेतलं आणि एकोणीसच्या एकोणीस बंद केले.

आणि मग फोन! "काय केलंत हे? माझं काम चालू होतं!" मी म्हणायचे, "नाव लावते, मग चालू करते." दोनपर्यंत अठरा मालक सापडले. एकोणिसाव्यासाठी कुणीच फोन केला नाही.

तीनला साहेबांबरोबर ऑनलाइन मीटिंग. पावणेतीनला मी पोर्टल उघडलं, तर पान कोरं. पुन्हा उघडलं. कोरं. आठवडाभराची मेहनत गेली, नोकरी गेली, बाबांचं माधवगंज गेलं, असंच वाटलं. मग एकदम डोक्यात उजेड पडला. पोर्टल चालत होतं त्या एकोणिसाव्या सर्व्हरवर, आणि तो पहिल्याच दिवशी घाईघाईत चाचणीचा म्हणून सुरू केला होता मीच, टॅग न लावता! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. मालकाच्या जागी माझं नाव लावलं आणि सर्व्हर सुरू केला. मीटिंग सुरू होता होता पान आलं.

साहेबांनी यादी वरपासून खालपर्यंत बघितली. "भरला रकाना. ठीक आहे, करा ग्वाल्हेरहूनच."

मी धावत बाहेर आले. बाबांची खुर्ची रिकामी होती.

थोड्या वेळानं ते जिन्याशी आले, घामाघूम. हातात नवी पांढरी काठी.

"टोपी बाजारातून आणली," म्हणाले. "पुण्यातल्या वाटा मला कुठे ठाऊक? तू अशी नळ सोडून रडू नकोस. जाऊ आपण. येताना जरा प्रॅक्टिस केली. काठीकडे लक्ष गेलं आणि पावलं चुकली गं. आपल्याच गल्लीत दोनदा लोकांना विचारावं लागलं."

"बाबा, जायचं नाहीये," मी म्हणाले. "झालं काम."

ते पायरीवर बसले आणि काठी मांडीवर घेऊन माझ्यासमोर पहिल्यांदाच हुंदके देऊन रडले.