राखणदार नव्हे, बेडकाचा चुलतभाऊ

सॅलॅमँडर नावाचा पालीसारखा प्राणी मी आजवर डोळ्यांनी पाहिलेला नाही. तरी त्याच्या एका भाऊबंदापायी माझ्या नणंदेचं लग्न मोडायला आलं होतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी प्राणिशास्त्राची पदवी घेऊन रत्नागिरीत नवी सून म्हणून आलेली. (पदवीची घडीसुद्धा अजून मोडायची होती!) नणंदेला, शकूला, इतकी स्थळं पाहून गेली होती की सासूबाई पोह्यांना फोडणी झोपेतही घालत. शकू तर साडी नेसतानाच जांभया द्यायची.

त्या दिवशी खेडची मंडळी आली. मुलगा मुका वाटावा इतका गप्प. आई मात्र नजरेनेच सगळं घर तोलणारी. पाय धुवायला सगळे अंगणातल्या पाण्याच्या दगडी डोणीपाशी गेले, आणि दगडाखालच्या ओल्या मातीतून वीतभर, काळं, चकचकीत काहीतरी वळवळत बाहेर आलं.

"अगो बाई, जागेचा राखणदार!" सासूबाईंनी हात जोडले.

मुलाच्या आईने डोक्यावर पदर घेतला. "नागोबाचं दर्शन! विहीणबाई, आता बघायचं काय राहिलं? देवानेच कौल दिला!"

विहीणबाई! या शब्दासाठी सासूबाईंचे कान किती वर्षं आसुसलेले. कोणतीही शहाणी बाई इथे गप्प बसली असती. मी बोलले.

"अहो, हा साप नाहीच! हे देवगांडूळ. सरपटणाऱ्यांत मोडत नाही, उभयचर आहे. बेडूक, सॅलॅमँडर आणि हा, एकाच वर्गातले!"

"म्हणजे?"

"बेडकाचा चुलतभाऊच म्हणा ना!"

डोक्यावरचा पदर खाली आला. "म्हणजे कौल बेडकाने दिला होय आम्हाला?"

"हिला काय कळतंय!" सासूबाईंनी मला चिमटा काढला.

"कळतं तर!" मी पेटले. "खवले दिसतात का, बघा!" आणि तो उचलून थेट मुलाच्या आईच्या नाकासमोर धरला. (उभयचरांची त्वचा बुळबुळीत असते, हे मला तोंडपाठ होतं!) तो सटकला, आणि पडला त्यांच्या निऱ्यांत.

पुढचा नाच मी वर्णन करत नाही.

शकूने त्याला करवंटीत घेऊन अळवाखाली सोडलं आणि पार थकलेल्या आवाजात म्हणाली, "वहिनी, तू आत जा. काकू, नकार काय तो पोहे खाऊन द्या. गार होतायत."

मुलगा खो खो हसला. "आई, मला पसंत आहे!"

आईने निऱ्या झटकत होकार दिला. "पण सांगून ठेवते, पाठराखीण म्हणून ही वहिनी नको!"

शेवटी शकूबरोबर सासरी शेजारची चिमी गेली. तिला अजून नीट बोलता येत नव्हतं, हीच तिची पात्रता. पदवीधर बाई मागे राहून मांडवातली भांडी घासत होत्या!