डायलिसिसची कालची यादी

"मॅडम, स्क्रीनवर कालचे पेशंट दिसतायत," शोभा सिस्टर फोनवर म्हणाल्या.

पहाटेचे सव्वापाच वाजले होते. भिंगारच्या घरी मी दूध तापायला ठेवलं होतं. सिस्टर कोपरगावच्या एका डायलिसिस सेंटरच्या इन्चार्ज. तिथलं सॉफ्टवेअर आमच्या नगरच्या छोट्या कंपनीचं. तिथला डेटाबेस, म्हणजे पेशंटच्या सगळ्या नोंदी, मीच तीन आठवड्यांपूर्वी क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या भाड्याच्या सर्व्हरवर, नेला होता.

मी म्हटलं, पेज रिफ्रेश करा. सिस्टरांनी ते केव्हाच केलं होतं. मग त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊसाहेब नावाचे माझे दोन पेशंट हायेत. एक सोमवारचे, एक मंगळवारचे. आडनावही एकच. आज मंगळवार. स्क्रीन सांगतीय साडेतीन लिटर पाणी काढा. समोरच्या माणसाचं वजन दीड किलोनंच वाढलंय, म्हणजे पाणी दीडच लिटर."

जास्तीचं पाणी काढलं असतं तर त्यांचं बीपी एकदम खाली गेलं असतं. सिस्टरांनी वजनकाट्यावर विश्वास ठेवला म्हणून ते टळलं. मी गॅस बंद केला आणि लॅपटॉप उघडला.

तीन आठवडे सगळं सुरळीत होतं. आज काय बदललं, असं विचारलं. पेशंट वाढल्यामुळे पहिली शिफ्ट त्या दिवसापासून सहाऐवजी पाचला सुरू झाली होती. मला तेवढं पुरलं. क्लाउडवरचा सर्व्हर मुळात जागतिक वेळेवर चालतो, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. आपल्याकडे साडेपाच वाजेपर्यंत त्याच्या लेखी कालचाच दिवस असतो. जुना सर्व्हर सेंटरमध्येच टेबलाखाली होता, त्याला भारतीय वेळ लावलेली होती. नव्याला लावायची मी विसरले होते.

सिस्टरांना सांगितलं, आज सगळं फाईल बघून, कागदावर करा. मग आमच्या कंपनीच्या सरांना फोन केला. सर म्हणाले, "एक सेटिंग तर आहे. बदल आणि मोकळी हो."

ते इतकं सरळ नव्हतं. मॅनेज्ड क्लाउडमध्ये मशीन सांभाळायचं काम क्लाउड कंपनीचं असतं. आपण आत शिरून फाईल बदलू शकत नाही. पॅरामीटर ग्रुप नावाची सेटिंग्जची यादी असते, तिच्यातूनच सांगावं लागतं. तयार मिळणाऱ्या यादीला हात लावता येत नाही. नवी करायची, सर्व्हरला जोडायची आणि सर्व्हर रीबूट करायचा. शिवाय तीन आठवड्यांच्या नोंदींवर साडेपाच तास मागची वेळ पडली होती. नुसती सेटिंग बदलली असती, तर जुन्या नोंदी एका घड्याळाच्या आणि नव्या दुसऱ्या घड्याळाच्या झाल्या असत्या.

"सर, आधी कॉपीवर करून बघते. आणि पेशंट मशीनवर असताना रीबूट करणार नाही."

सर म्हणाले, "सेंटरच्या डॉक्टरांशी मी बोलतो. तू कर."

डेटाबेसची कॉपी काढून तिच्यावर नवा ग्रुप लावला. तीन आठवड्यांच्या नोंदी साडेपाच तास पुढे सरकवल्या. वीस-पंचवीस नोंदी सिस्टरांच्या रजिस्टरशी फोनवर ताडून पाहिल्या. एकही चुकली नाही. दोन शिफ्टच्या मधे मशीन धुतात, ती वेळ सिस्टरांनीच दिली. साडेनऊला मूळ सर्व्हरचा बॅकअप घेतला, तेच सगळं त्याच्यावर केलं, रीबूट केला. चार मिनिटांत तो परत उभा राहिला. मग सिस्टरांनी सकाळचे कागद बघून एंट्री केल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे पावणेपाचलाच मी लॅपटॉपसमोर होते. पाचला सिस्टरांचा मेसेज आला: बुधवारचेच पेशंट आहेत.

सरांना लेखी रिपोर्ट दिला, त्यात चूक माझी असं स्पष्ट लिहिलं. टेस्टिंग मी केलं होतं, अगदी नीट केलं होतं, पण सकाळी अकरा वाजता, ऑफिसात बसून. आता नवा क्लायंट आला की सर्व्हर केवढा हवा हे मी नंतर विचारते. आधी विचारते, तुमच्याकडे पहिला माणूस कामाला किती वाजता बसतो?