एकोणीस टनांचं पिंप

एसटीतले फिटर देवचंद यांची मुलगी संघमित्रा धुळ्याहून मुंबईजवळच्या एका संशोधन केंद्रात लागली. तिच्याकडे अणुभट्टीसाठी न्यूट्रॉन स्पेक्ट्रोमीटरचा आराखडा करायचं काम आलं. भट्टीतून निघालेले न्यूट्रॉन पदार्थावर आदळून कसे विखुरतात ते हे यंत्र मोजतं, आणि त्यावरून आतले अणू कसे थरथरतात ते कळतं. सात वर्षं तिला दुसरं काही सुचलं नाही. घरच्यांनी स्थळांचा विषय काढणंही सोडून दिलं.

यंत्रात हव्या त्या वेगाचे न्यूट्रॉन निवडणारा स्फटिक असतो; त्याच्याभोवती किरणोत्सर्ग अडवायला शिशाचं जाड पिंप लागतं. तिच्या हिशेबानं ते एकोणीस टनांचं होत होतं. तेवढं ओझं भट्टीच्या दालनातली जमीन पेलते की नाही, हे तिनं जुन्या नकाशावर पाहिलं. पेलत होती.

पिंप तयार होऊन आलं त्या आठवड्यात उलगडा झाला. नकाशा झाल्यानंतर त्या जमिनीखालून पाइपांसाठी चर नेलेला होता. त्यामुळे तिथं आता चौदा टनांवर परवानगी नव्हती.

"प्रत्यक्ष तपासलं नव्हतंत?" बैठकीत साहेबांनी शांतपणे विचारलं.

"नाही सर."

वजन कमी करायला पिंपाची भिंत पातळ केली तर किरणोत्सर्ग बाहेर येणार. म्हणून पातळ भिंत पुरावी यासाठी तिनं आराखड्यात न्यूट्रॉनचा झोतच अरुंद केला, तर चार दिवसांच्या मोजणीला महिना लागेल असं दिसलं. ती आराखडा खोडत राहिली, पुन्हा काढत राहिली. अशी तीन वर्षं गेली आणि जुनी झालेली ती भट्टी कायमची बंद झाली. पिंप वेळेवर बसलं असतं तर यंत्र तीन वर्षं तरी चाललं असतं. कुणी तसं बोललं नाही, पण तिला ते रोज ऐकू यायचं.

राजीनामा देऊन ती धुळ्याला परतली आणि एका कॉलेजात शिकवू लागली. एसटीतून निवृत्त झालेल्या वडिलांनी, आबांनी, एकदा जेवताना अहिराणीत विचारलं, "तुनं यंत्र आते कोठे शे?"

"गोडाऊनमा."

सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, "तू सोता जाईसन देखं नही का?"

"नही, आबा."

त्यांनी मान खाली घातली. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

यंदा मेघा नावाची हुशार विद्यार्थिनी येऊन म्हणाली, "मॅडम, मला न्यूट्रॉनवर संशोधन करायचंय. तुम्ही मार्गदर्शन कराल?"

संघमित्रानं तिला दुसऱ्या सरांचं नाव सांगितलं आणि पुढच्या तासाला निघून गेली.