सात नंबरच्या सेटची बॅटरी

इथले अनुभव मी बऱ्याच वर्षांपासून वाचतोय आणि खरं सांगतो, बहुतेक वेळा हसलोय. कुणाला बाई दिसते, कुणाच्या माळ्यावर पावलं वाजतात... माझा भरवसा मल्टिमीटरवर. आकडा दिसला तर करंट आहे, नाही तर नाही. तरी आज लिहायला बसलोय, कारण माझ्याच टेबलावर घडलेल्या गोष्टीचा मला उलगडा होत नाहीये.

मी वाळूजला एका गोदामात हॅण्डहेल्ड सेट सांभाळतो — म्हणजे मालावरचे बारकोड वाचणारे, हातात मावणारे छोटे कॉम्प्युटर. असे वीस आहेत. बॅटरी लवकर का उतरते, चार्जिंग का होत नाही, हे शोधणं माझं काम. अकरा वर्षं एकटाच होतो. मग नसरीन आली. सिल्लोडची, डिप्लोमा केलेली, वय सव्वीस. बाकी सगळ्यांना भाऊ म्हणते, मला काका. मी चव्वेचाळीसचा आहे.

खंडेनवमीला आमच्याकडे मशीनची पूजा असते. सेटना हळदकुंकू दरवर्षी मीच लावतो. यंदा सेट नवे होते, चार्जिंगच्या पिना पाठीवर उघड्या. स्क्रीन खराब होऊ नये म्हणून मी नेमकं पाठीवर बोट टेकवलं... दसऱ्यानंतर निम्मे सेट चार्जच होईनात. दोन दिवस मी चार्जर बदलले, बॅटऱ्या बदलल्या, स्क्रीनचा उजेड कमी केला, मागं चालणारी ॲप बंद केली. फरक शून्य.

नसरीननं एक सेट उलटा धरला. "काका, पिना बघा की. लई कुंकू बसलंय."

कापसाला स्पिरिट लावून तिनं दुपारच्या जेवणाआधी सगळे सेट सुरू केले. मॅनेजर साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "काळे, पोरीनं एका नजरेत ओळखलं राव." आणि जाता जाता सांगून गेले — चार्जिंग रूमला एक इन्चार्ज नेमायचाय, महिनाभरात ठरवू.

ती जागा माझी होती. निदान मी तसं धरून चाललो होतो. माझा असा जळफळाट झाला, की तिचा नुसता आवाज कानावर आला तरी डोकं फिरायचं.

साहेबांनी सेट वाटून दिले. एक ते दहा माझ्याकडे, अकरा ते वीस तिच्याकडे. तिचे सेट अख्खी शिफ्ट टिकायचे, माझे जेवणाच्या सुट्टीआधीच लाल. पिना चकाचक, चार्जर तेच, ॲप तीच. मग मी एक हलकट काम केलं. ती रजेवर असताना तिच्या बॅटऱ्या माझ्या सेटमध्ये घातल्या आणि माझ्या तिच्या सेटमध्ये. दुसऱ्या दिवशीही माझेच सेट झोपले.

शेवटी सात नंबर टेबलावर ठेवला — वायफाय बंद, स्क्रीन बंद, नुसता पडून. शिफ्ट संपल्यावर बॅटरीचा आलेख उघडला. रेघ सरळ, फक्त तीन ठिकाणी धाडकन खाली. सव्वाअकरा, तेव्हा साहेब तिच्या टेबलाशी उभे राहून हसत होते. दीड वाजता नेहमी माझ्याकडेच येणारा जुना लोडर त्याचा सेट माझ्यासमोरून तिच्याकडे घेऊन गेला होता. साडेतीनला तिनं मला चहा विचारला होता.

योगायोग म्हणून सोडून दिलं. पण पुढचे चार दिवस वहीत वेळा लिहिल्या... माझ्या पोटात दुखलं की बॅटरी पडायची. तोच सेट पलीकडच्या स्टोअरमध्ये ठेवला की दिवसभर रेघ सरळ. कंपनीच्या इंजिनिअरला पाठवला, त्यानं 'दोष नाही' लिहून परत केला.

महिना संपला. शिफ्टच्या सुरुवातीलाच साहेबांनी नाव वाचलं — नसरीन. टाळ्या वाजल्या. ती तेव्हा माझ्या शेजारीच उभी होती, सात नंबर चार्जरवरून काढून तिनंच माझ्या हातात दिला होता. "घ्या काका, त्र्याण्णव टक्के झालाय."

मी तिच्याकडे वळलो, चेहऱ्यावर हसू आणलं आणि म्हणालो, "अभिनंदन नसरीन. लई आनंद झाला. अगदी मनापासून."

तिची नजर खाली गेली. मीही पाहिलं. स्क्रीनवर एकसष्ट होते.

ती आकड्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "राहू द्या काका. व्हतं असं," एवढंच हळू आवाजात म्हणाली, सेट माझ्या हातातून काढून घेतला आणि परत चार्जिंगला लावून आली.

हे कशामुळं होत होतं ते मला आजही माहीत नाही. कुणी तांत्रिक कारण सांगितलं तर उपकार होतील. आता तिच्याशी बोलायचं असलं की मी सेट लांब ठेवून जातो. भुताखेतांना मी अजूनही भीत नाही. भीती एकाच गोष्टीची वाटते — तो आकडा तिला वाचता आला.