एकीचं मरण दुसरीच्या नावावर

शेवंतीवर अन्याय झाला तो गेल्या महिन्यात, मंगळवारी सकाळी, घाटकोपरच्या स्मशानातल्या नोंदणीच्या खिडकीपाशी. शेवंती म्हणजे माझी काकी. ती पहाटे गेली, आणि दहाच्या सुमारास माझा चुलतभाऊ वसंतदादा यानं रेशनकार्ड पुढे करून मयताचं नाव सांगितलं, सुलोचना. वय एकाहत्तर. खिडकीतल्या माणसानं मान वर न करता लिहून घेतलं. आता सुलोचना कोण, तर माझ्या काकांची पहिली बायको. वसंतदादाची सख्खी आई. तो पाच वर्षांचा होता तेव्हाच ती वारली.

मला हे कळलं ते तेरावं उरकल्यावर, काकीवर हा लेख लिहायला बसले तेव्हा. मोर्च्यांची पत्रकं लिहून लिहून सवय अशी लागलीय, की आधी तपशील आणि मग शिव्या. म्हटलं, जन्म-मृत्यूची सालं वर टाकू. दाखला मागून घेतला तर काकी एकाहत्तर वर्षांची! तिचा थोरला भाऊ विठूमामा कांदिवलीला असतो, तो अजून सत्तरीचासुद्धा नाही. मामा दाखल्याकडे बघतच राहिला. "गो चेडवा, माझ्या लग्नात तिचे दुधाचे दात पडत होते. ती माझ्यापेक्षा थोरली कशी असतली?" मग त्यानं बोटांवर हिशेब केला. पंचावन्नची बाई आम्ही एकाहत्तरची करून जाळली.

ही सुलोचना झाली कशी, ते काकीनंच मला कधीतरी कोलंबी सोलता सोलता सांगितलं होतं. मी विचारलेलं, "काकी, तुझं खरं नाव काय गं?" तर म्हणाली, "वापरातलं सांगू की ठेवणीतलं?" लग्नात नवरा ताटातल्या तांदळावर अंगठीनं बायकोचं नवं नाव लिहितो, तसं काकांनी लिहिलं, सुलोचना. काकी चौथी शिकलेली. "वाचलं मी, आणि म्हटलं, अहो, हे तर त्यांचं नाव. तर म्हणाले, असू दे, तोंडात बसलंय." रेशनकार्डावरही ते होतंच, त्यामुळे नवीन नाव घालायचे हेलपाटे वाचले. बायको बदलली, कार्ड तेच. किळस येते मला ह्या सोयीची.

तिला स्वतःचं मूल झालं नाही. वसंतलाच तिनं वाढवलं. त्याच्या गोवरात, त्याच्या परीक्षांत, गिरणी बंद पडून काका खचून गेले तेव्हाही तीच उभी होती. पितृपंधरवड्यात नवऱ्याआधी गेलेल्या बाईचं पान वाढतात, अविधवा नवमीला, ते सुलोचनेचं पान दरवर्षी तिनंच रांधलं. भटजी "सुलोचना" म्हणाले की आतून वडे तळता तळता काकी ओरडायची, "आले हां!" सगळं घर हसायचं. काका तर सर्वांत मोठ्यानं.

मी वॉर्ड ऑफिसात गेले. कारकुनानं जुनं रजिस्टर काढून पाहिलं आणि त्याला गंमतच वाटली. "मॅडम, ही बाई आमच्याकडे आधीच मेलीय. एक बाई दोनदा कशी मरेल?"

"दोन बायका होत्या."

"मग दुसरी कुठाय?"

कुठेच नाही, हेच तर म्हणणं आहे माझं! एक दोनदा मेली आणि दुसरी कधी मेलीच नाही. कारकून म्हणाला, "मुलाची सही आणा."

वसंतदादा उखडला. "गप बस ना यार! बाबा गेल्यावर खोली सुलोचनाच्या नावावर झाली. ती आधीच मेलेली म्हटलं तर मालक उद्या कुलूप ठोकेल. वाट लागेल आमची."

"तिचं नाव शेवंती होतं, दादा."

"मला काय माहीत? मी आई म्हणायचो."

त्याची भीती खोटी नाही. मालक तसलाच आहे, आणि खोलीसाठी भांडायची वेळ आली तर मी त्याच्याबरोबर उभी राहीन. पण जिनं त्याला जेवू घातलं तिच्या मरणाचीही नोंद नको, एवढ्या किमतीत खोली राखायची असेल तर थू आहे.

कारकुनानं दुसरी वाट सांगितली. मुलगा नाही म्हणतो तर दोन्ही बायकांना ओळखणारे शेजारचे दोन जुने रहिवासी आणा. मी चाळीत दारं ठोठावली. "जाऊ दे गं पोरी, मेलेल्या माणसाला नाव काय चाटायचंय?" असं मला चहा देता देता सांगितलं गेलं.

चाळकऱ्यांनो, पेपरची ही पुरवणी तुमच्याकडे येते, मला ठाऊक आहे. सुलोचनेला तुम्ही खांदा दिलात. वर्षाच्या आत शेवंतीच्या लग्नात तुम्हीच जेवलात. दोघी वेगळ्या होत्या हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. सोमवारी ऑफिस उघडताना मी वॉर्ड ऑफिसच्या दारात उभी असेन. मला तुमचा चहा नको, सांत्वनही नको. दोन माणसं हवीत. या, आणि तिचं नाव सांगा.