जाऊबाईंचा डाव

बंगळुरूत मल्लेश्वरमच्या व्हिडिओ गेमच्या दुकानात माझा आगीचा राक्षस कधी हरत नसे. घरात नसलेला मान मला तिथे मिळे. मग खेळाची नवी आवृत्ती आली आणि लढता लढता राक्षस बदलायची सोय झाली. त्याच संध्याकाळी एक बेळगावकडच्या बाई पायांत भाजीची पिशवी धरून माझ्याशी खेळायला बसल्या. मी आग ओकली की त्या झाडाचा राक्षस आत घेत आणि पाण्याचा बाहेर काढत.

"हा पळपुटेपणा झाला!" मी ओरडलो.

गजरा चाचपत त्या म्हणाल्या, "पळालं कुठं ओ अण्णा? दमलं, आत गेलं. आता जाऊबाई बघतील की."

मी हरलो. घरी पोचायला उशीर झाला, तर दारात बायको उभी. मी झटकन आतल्या माझ्या आईला हाक मारून पुढे केलं. बायको शांतपणे आत गेली आणि मुक्कामाला आलेल्या माझ्या सासूबाई बाहेर आल्या.