भागाबाईचा गुत्ता

भागाबाई कुंभारीण आमच्या कचेरीत यायची ती कडेवर नळ घेऊन. दीड हात लांबीचा, खापराचा, तांबूस भाजलेला नळ. लेकरू घ्यावं तसा तो कमरेवर टेकवलेला आणि त्यावर पदर घातलेला. पायऱ्या चढली की तो ओसरीवर अलगद उतरवायची आणि माझ्यापाशी येऊन विचारायची, "मुन्शी, भाजला का कागूद?" मंजुरीची सही न झालेला कागद म्हणजे कच्चं मडकं, हा तिचा हिशेब. मी नकारार्थी मान हलवली की म्हणायची, "म्हंजी वलाच हाय अजून." मग नळ उचलून बाजाराकडे चालू लागायची. असे तिचे किती सोमवार गेले, हे मी सांगू शकणार नाही.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. आमचं गाव बीड जिल्ह्यातलं, धारूरचा डोंगर जिथून दिसू लागतो तिथलं. गावाचा कारभार पाहायला एक कमिटी होती. तहसीलदारसाहेब तिचे अध्यक्ष आणि गावातले पाच प्रतिष्ठित मेंबर. सगळं कामकाज उर्दूत चाले, आणि लोकांना तर मराठीच यायची. त्यांच्या दरखास्ती, म्हणजे अर्ज, उर्दूत उतरवून त्या त्या कामाच्या मिसलीला, म्हणजे फायलीला, जोडणं हे माझं काम.

गावाच्या वरच्या अंगाला टेकडीत एक बारमाही झरा होता. खालच्या आळीचे लोक मात्र ओढ्यातल्या खड्ड्याचं पाणी प्यायचे. जनावरंही तिथंच उतरायची. कमिटीनं ठरवलं, की झऱ्याचं पाणी नळानं खालच्या आळीत आणायचं. कामाचा गुत्ता, म्हणजे कंत्राट, द्यायचा म्हणून दर मागवल्याची नोटीस कचेरीच्या दाराला लागली. भागाबाईनं ती माझ्याकडून तीनदा वाचून घेतली.

"नळ लोखंडाचाच पायजे, असं लिवलंय का त्यात?"

"नाही. हातभर लांबीचा नमुना दाखल करावा, एवढंच आहे."

"मंग आमचा कावून चालू नये?"

तिचा नवरा राणबा चाकावर बसला की दिवसदिवस बोलत नसे. भट्टी त्याची आणि तोंड हिचं, असा त्यांचा संसार. दुसऱ्याच दिवशी तिनं दरखास्त आणि नळ आणून दिला. मी पोच लिहून दिली आणि नळ कोपऱ्यात ठेवला. कमिटीची बैठक पुढे गेली, कारण साहेब दौऱ्यावर होते. ती पुन्हा पुढे गेली. मधल्या काळात शिपायानं त्या नळात छत्र्या खोचायला सुरुवात केली आणि एक दिवस तो फुटला. बैठकीत साहेबांनी विचारलं, "नमूना कहाँ है?" नमुना नव्हता. विषय तहकूब.

तिनं दुसरा आणला. कमिटीची बांधकामं बघणाऱ्या ओव्हरसीअरनं तो मोजला आणि म्हणाला, "दीड हात हवा."

"नोटिशीत येक हात हाय. मुन्शीनं वाचून दावलंय."

"नोटीस जुनी झाली," तो म्हणाला आणि पायानं नळ बाजूला सारला. सारताना तोही फुटला. भागाबाईनं तुकडे पदरात गोळा केले. मला म्हणाली, "फुटक्याची भुकटी मातीत घातली की नवा नळ लई पक्का होतो. ह्यांचे उपकारच म्हनायचे."

तिसरा, दीड हाताचा, ती थेट बैठकीतच घेऊन आली. देशमुख म्हणून एक वजनदार मेंबर होते. शहरातल्या एका लोखंडवाल्या गुत्तेदाराशी त्यांची सोयरीक होती. ते म्हणाले, "बाईमाणसाच्या नावावर गुत्ता? आणि खापराचा नळ? वरून एक बैलगाडी गेली की चुरा होईल."

भागाबाईनं नळ जमिनीवर आडवा ठेवला. "मालक, तुमीच हुबं ऱ्हावा की ह्याच्यावर. गाडीयेवढं नसलं तरी वजन हाय तुमचं."

मेंबरांपैकी दोघांनी हसू दाबायला माना खाली घातल्या. देशमुख उठले नाहीत. मग ती स्वतःच भिंतीला हात लावून नळावर उभी राहिली आणि तशीच बोलत राहिली. झरा किती उंच, आळी किती खाली, नळ किती लागतील, सांधे कशानं लिंपायचे. तहसीलदारसाहेब ऐकत होते. बाईच्या नावावर गुत्ता देऊ नये असं कायद्यात कुठं नाही, असं त्यांनी सांगितलं आणि दर मंजुरीसाठी जिल्ह्याला पाठवायचा हुकूम दिला. त्या दिवशी जाताना ती मला म्हणाली, "आता नीट लिवा बरं."

मी लिहिलं. एका दमात, घाईघाईनं लिहिलं. मिसल गेली ती आठ महिने आली नाही.

त्या आठ महिन्यांत पावसाळा आला आणि खालच्या आळीत हगवणीची साथ लागली. साथ दरवर्षीच यायची, या वर्षी जास्त होती. भागाबाईची सून यमुना दोन दिवसांत गेली. पहिलं बाळंतपण होऊन महिनाही झाला नव्हता. पुढच्या सोमवारी भागाबाई आली, ओसरीवर नेहमीसारखी उभी राहिली. "भाजला का?" एवढंच विचारलं. मी मान हलवली.

दिवाळीनंतर मिसल परत आली. वर लाल शाईत शेरा होता: पाण्याच्या योजनेसाठी घरावर घालायच्या कौलांची गरज काय, याचा खुलासा करावा. मला आधी काही कळेना. मग माझा स्वतःचा कागद उघडला. 'खापराचे नळ' याच्या जागी मी सगळीकडे 'खपरेल' लिहिलं होतं. खपरेल म्हणजे कौलं. जिल्ह्याच्या कचेरीत कुणाची तरी आठ महिने मती गुंग झाली असेल, की झऱ्याच्या पाण्यावर ही माणसं छप्पर घालतायत की काय.

सोमवारी मी तिला ते सांगितलं. न सांगता चाललं असतं. ओव्हरसीअरच्या नावावर ढकललं असतं तरी तिनं मानलं असतं. सांगताना मी तिच्याकडे पाहू शकलो नाही. तिनं ओसरीवरचा नळ उचलून कडेवर घेतला. मग म्हणाली, "माझे दोन फुटले, तुमचा येक. लिवा पुन्यांदा." सुनेचं नाव तिनं काढलं नाही, मीही काढलं नाही.

मी पुन्हा लिहिलं. मिसल पुन्हा गेली. त्यानंतरच्या सोमवारी मात्र भागाबाई आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मग शिपायानं बातमी आणली, की खालची आळी सगळी टेकडीवर खणतेय. मी पाहायला गेलो. राणबा नळ रचत होता, बाया सांधे लिंपत होत्या आणि भागाबाई चराच्या कडेनं चालत कुठं उतार कमी पडतोय ते सांगत होती. मला पाहून म्हणाली, "मुन्शी, तुमी हितं कशाला आलात? उद्या इचारतील." होळीच्या आत पाणी आळीत आलं. बारीक, करंगळीएवढी धार, पण स्वच्छ.

मंजुरीची मिसल अजून जिल्ह्यातच होती, पण आठवड्यात तिला नोटीस काढायचा हुकूम झाला: परवानगीवाचून सरकारी रस्ता खणला, तरी पंधरा दिवसांत नळ उखडावेत, नाहीतर सरकार उखडेल. नोटीस मलाच लिहावी लागली. तीत एकही शब्द चुकला नाही, याची मला आजही चीड येते. तिच्या दारात जाऊन ती मराठीत वाचूनही मीच दाखवली. तिनं शेवटपर्यंत ऐकली. "आन सरकार उखडनार म्हंजी कोन उखडनार?"

"गुत्ता निघेल. दर मागवतील."

"असं," ती म्हणाली आणि आत जाऊन मला तांब्याभर पाणी आणून दिलं.

पंधरा दिवस गेले. नळ उखडून रस्ता पूर्ववत करण्याच्या कामासाठी दर मागवल्याची नोटीस दाराला लागली. गावातल्या एकाही गुत्तेदारानं दर भरला नाही. खालच्या आळीशी वैर कुणाला नको होतं. दुसऱ्यांदा मुदत दिली. शेवटच्या दिवशी एकच लिफाफा आला. तो भागाबाईचा होता.

तोवर तहसीलदारसाहेब बदलले होते. नव्यांना आधीचं काही माहीत नव्हतं. ओव्हरसीअर म्हणाला, "साहेब, ही तर नळ घालणारीच बाई." साहेबांनी विचारलं, दुसरा कुणाचा दर आहे का. नव्हता. त्यांनी सही केली. ज्या बाईला दीड वर्ष नळ घालायचा गुत्ता मिळाला नाही, तिला नळ उखडायचा गुत्ता एका सकाळीत मिळाला. मी हुकूम तिच्या हातात दिला तेव्हा तिनं तो उलटसुलट करून पाहिला. "ह्यो बरा भाजला लवकर," ती म्हणाली. हसली मात्र नाही.

पुढच्या सोमवारी तिची पहिली दरखास्त आली. एकूण किती नळ उखडायचे ते सरकारनं मोजून द्यावं. ओव्हरसीअरला मोजायला सवड होईना. त्यात पाच महिने गेले. मग दुसरी: उखडलेले नळ सरकारी मालमत्ता की खाजगी, आणि ते ठेवायचे कुठं? ही जिल्ह्याला गेली. तिसरी: उखडताना नळ फुटल्यास जबाबदार कोण? तीही गेली. प्रत्येक दरखास्त मी सावकाश, सुंदर अक्षरात उतरवायचो. या कामाला घाई नव्हती. देशमुख बैठकीत चिडायचे, की ही बाई कचेरीला खेळवते. पण मिसलीत तिची चूक कुठंच सापडत नव्हती. ती फक्त विचारत होती आणि उत्तर येत नव्हतं.

सहा वर्षं पाणी चाललं. कधी सांधा गळला तर ती पहाटे जाऊन लिंपून यायची. एकदा मी तिला म्हणालो, "भागाबाई, जिंकलीस की." ती एकदम तुटकपणे म्हणाली, "कशाचं जिकनं, मुन्शी? नळ बाराही म्हैने करनारी मी. सा वर्सांत येक नळ नवा घातला न्हाई. कागूद करत बसले." मला वाटलं होतं तिला या खेळात मजा येत असेल. तसं नव्हतं. गावात आणखी दोन आळ्या ओढ्याचंच पाणी पीत होत्या आणि तिथवर नळ न्यायचं तिच्या मनात होतं. ते तसंच राहिलं.

सातव्या वर्षी थंडीत ती तापानं गेली. गुत्तेदार मयत झाल्यास गुत्ता रद्द होतो आणि नव्यानं दर मागवून काम दुसऱ्याला द्यायचं असतं. तशी टिपणी लिहून मिसल साहेबांपुढं ठेवणं माझं काम होतं. मी मिसल फडक्यात बांधली, कपाटाच्या सगळ्यांत खालच्या फळीवर ठेवली आणि तिच्यावर दुसरी गाठोडी रचली. कुणी विचारलं नाही. राज्य बदललं, कचेरी बदलली, तरीही मी टिपणी लिहिली नाही. माझ्या सगळ्या नोकरीत भागाबाईसाठी माझ्या हातून झालेलं काम तेवढंच.